‘उलटीची गोळी’ म्हणजे नेमकी कुठली? बोट आणि घाटासाठीच्या गोळ्यांची परीक्षा

पणजीच्या बसस्टँडजवळ, म्हापशाच्या बाजारात नाहीतर मडगावात कुठल्याही फार्मसीत जाऊन नुसतं ‘उलटीची गोळी द्या’ म्हटलंत, तर हातात जिभेवर विरघळणारी छोटी ऑन्डानसेट्रॉन पडण्याची शक्यता बरीच. गोळी उत्तम आहे. पोट बिघडलंय, केमोथेरपी चालू आहे, ऑपरेशननंतर भूल उतरताना ओकाऱ्या येताहेत, अशा वेळी ती खरोखर कामाची. पण तुम्ही निघालाय ग्रांदे बेटाच्या बोटीवर, किंवा चोर्ला घाटातून बेळगावला. तिथे ती जवळपास निरुपयोगी. बोट लागण्याचा रस्ता पोटातून जात नाही, कानातून जातो, आणि ही गोळी पहारा देते ती पोटाच्या रस्त्यावर.

म्हणून ही परीक्षा करताना प्रत्येक गोळीला तीन वेगळे प्रश्न विचारले आहेत. उलटी थांबते का? मळमळ थांबते का? आणि मळमळताना जे काही तोंडात होतं, तो पदार्थ कायमचा मनातून उतरण्यापासून वाचतो का? पाकिटावर पहिल्या दोनांचं उत्तर ‘नॉशिया अँड व्हॉमिटिंग’ असं एका दमात छापलेलं असतं, जणू दोन्ही एकच. तिसऱ्या प्रश्नाबद्दल पाकीट गप्प. त्याचं उत्तर शोधायचं तर प्रयोगशाळेतल्या उंदरांकडे जावं लागतं, आणि ते पाकिटापेक्षा जास्त शिकवतात.

उंदीर हा प्राणी उलटी करूच शकत नाही. घूस, घरचा उंदीर, प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर, कुणीच नाही. मग ज्याला ओकता येत नाही आणि ‘मळमळतंय’ असं सांगताही येत नाही, त्याच्यावर मळमळीचं औषध तपासायचं कसं? याचं उत्तर अपघाताने सापडलं, आणि तेही नौदलाच्या प्रयोगशाळेत. सॅन फ्रान्सिस्कोला अमेरिकी नौदलाच्या किरणोत्सर्ग-संरक्षण प्रयोगशाळेत जॉन गार्सिया उंदरांना गॅमा किरण देत होते. पिंजऱ्यात घरच्या बाटलीतलं पाणी नेहमीप्रमाणे पिणारे उंदीर किरणांच्या खोलीत मात्र कमी कमी पाणी प्यायला लागले. त्या खोलीतल्या बाटल्या प्लॅस्टिकच्या होत्या, पाण्याला प्लॅस्टिकची चव येत होती, आणि ती चव किरणांनी होणाऱ्या पोटाच्या त्रासाशी जोडली जात होती. मग त्यांनी पाण्यात मुद्दाम सॅकरिन घातलं. किरणांसोबत एकदा गोड पाणी मिळालेल्या उंदरांनी पुढे कित्येक दिवस गोड पाण्याला तोंड लावलं नाही. १९५५ साली ‘सायन्स’मध्ये हे प्रसिद्ध झालं. ‘गार्सिया इफेक्ट’ तो हाच. (पणजीच्या चर्चजवळच्या बागेला ज्याचं नाव आहे तो गार्सिया द ऑर्ता वेगळा, चारशे वर्षं आधीचा. त्याच्याकडे पुढे यायचंच आहे.)

पुढे किरणांची गरज उरली नाही. आज ही चाचणी लिथियम क्लोराइड या मळमळ आणणाऱ्या क्षाराने करतात, आणि ती दिसते तितकी सोपी नाही. उंदराला काही दिवस ठरावीक वेळेलाच, दिवसातून अर्धा तास वगैरे, पाणी द्यायचं, म्हणजे तो वेळेवर प्यायला शिकतो. मग एका दिवशी पाण्याऐवजी ०.१ टक्के सॅकरिनचं द्रावण. ते पिऊन झाल्यावर थोड्या वेळाने पोटाच्या पोकळीत ०.१५ मोलर लिथियम क्लोराइडचं इंजेक्शन, किलोमागे २० मिलिलिटर, म्हणजे किलोमागे सुमारे १२७ मिलिग्रॅम. तुलनेच्या गटाला तेवढंच मिठाचं पाणी. एकदोन दिवस विश्रांती, आणि मग दोन बाटल्या समोर: एकीत साधं पाणी, दुसरीत सॅकरिन. किती प्यायला ते बाटल्या वजन करून मोजायचं.

चुका होतात त्या इथेच. एकच बाटली ठेवली तर तहानेने व्याकूळ उंदीर नावडतं पाणीही पितो आणि नावड आहे ते दिसतच नाही. दोन बाटल्यांच्या जागा अदलाबदल केल्या नाहीत तर उंदराची डाव्या-उजव्याची सवय निकालात शिरते. बाटलीची नळी ठिबकत असेल तर वजनातला फरक उंदराने प्यायला की जमिनीने, सांगता येत नाही. आणि सॅकरिन उंदराला आधीपासून ओळखीचं असेल तर नावड जडतच नाही, निदान कमी जडते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, बोटीवरच्या नाश्त्याशी तिचा थेट संबंध आहे.

या नावडीचा स्वभाव विलक्षण आहे. घंटा आणि अन्न यांची जोडी लागायला दोन्ही काही सेकंदांत एकमेकांमागे यावे लागतात. चव आणि आजार यांची जोडी मात्र मध्ये काही तास गेले तरी लागते, आणि एकदाच घडलं तरी पुरतं. १९६६ साली गार्सिया आणि कोलिंग यांनी दाखवलं की उंदीर आजाराचा आळ चवीवर घेतो, दिव्यावर किंवा आवाजावर नाही. विजेचा झटका बसला तर उलट, दोष दिव्याचा आणि आवाजाचा. म्हणूनच बोट लागलेल्या माणसाला पुढे लाटांचा आवाज नकोसा होत नाही, पण त्या सकाळी खाल्लेला पदार्थ होतो. आणि डिझेलचा वास? नुसता वास तासाभराच्या अंतराने फारसा चिकटत नाही. पण चवीच्या जोडीने आला तर चव त्याला पाठीवर घेऊन जाते. बोटीच्या मागच्या टोकाला धुरात बसून काही खाणं म्हणजे दोन्हींची सोय करून ठेवणं.

आता औषधं. साहजिक विचार असा की मळमळीवरचं औषध आधी दिलं तर नावड जडू नये. १९७८ साली गार्सियाच्याच गटाने उलटीविरोधी औषधं देऊन उंदरांचं टाळणं कमी झाल्याचं मांडलंही. नंतर इतरांना तो निकाल तसाच मिळाला नाही, आणि मोठा पेच पडला. शिवाय आणखी एक भानगड: मॉर्फिन किंवा अँफेटामिन यांसारखी, उंदीर स्वतःहून मागून घेतो अशी औषधंसुद्धा सॅकरिननंतर टोचली तर तो सॅकरिन टाळतो! म्हणजे टाळणं हे मळमळीचं माप नव्हेच.

गुंता सुटला तो उंदराच्या तोंडाकडे बघून. उंदराच्या गालात बारीक नळी बसवतात, तो काचेच्या तळाच्या डब्यात उभा राहतो, खाली आरसा, आरशासमोर कॅमेरा. नळीतून सॅकरिन थेट जिभेवर, मिनिटाला सुमारे १ मिलिलिटर. त्याला हवं-नको विचारलेलंच नाही. आवडलं तर जीभ बाहेर काढून पंजे चाटतो. शिसारी आली तर खालचा जबडा झपकन खाली पडतो, तोंडाचे कोपरे मागे खेचले जातात आणि तोंड त्रिकोणासारखं आऽ होतं. सेकंदाच्या आत संपतं. नुसत्या डोळ्यांना ते निसटतं, चित्रफीत हळू चालवून मोजावं लागतं. ओकताना लागणारे स्नायूच इथे हलतात. उंदीर ओकत नाही एवढंच. कॅनडात लिंडा पार्कर यांच्या गटाने दाखवलं की ही आऽ करण्याची क्रिया मळमळ आणणाऱ्या औषधांनीच जडते, मॉर्फिनने नाही. आणि लिथियमच्या आधी ऑन्डानसेट्रॉन दिली तर आऽ करणं कमी होतं, पण बाटली टाळणं तसंच राहतं.

वाक्य छोटं आहे, पण गोळ्यांच्या सगळ्या परीक्षेचा पाया तोच. औषधाने शिसारी गेली, तरी ‘हे खाल्लं आणि काहीतरी बिघडलं’ ही नोंद गेली नाही. तिसऱ्या प्रश्नावर कुठलीच गोळी पैकीच्या पैकी गुण मिळवत नाही.

उलटी मोजायची असेल तर मात्र उंदीर कामाचा नाही. त्यासाठी फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी वापरतात. ऑन्डानसेट्रॉनच्या जातीची औषधं घडली ती त्याच्यावरच्या चाचण्यांतून. आणि आपल्या घरात रात्री भिंतीकडेने चिक्चिक् करत पळणारी चिचुंद्री! ती उंदीर नाहीच, किडे खाणाऱ्या वेगळ्याच कुळातली. तिला ओकता येतं. डब्यात ठेवून सेकंदाला एकदा, ४ सेंटिमीटर पुढे-मागे हलवलं की काही मिनिटांत तिला ‘गाडी लागते’. गाडी लागण्यावरच्या औषधांच्या अभ्यासात तिला मोठा मान आहे. गोव्यातल्या जुन्या घरांत तिला जो मिळतो त्याहून नक्कीच जास्त.

एवढं डोक्यात ठेवून काउंटरवर येऊ. पट्टीवरचं मोठं नाव सोडून द्या, मागे बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम वाचा. मेंदूतल्या उलटीच्या यंत्रणेला खबर देणारे रस्ते वेगवेगळे. आतड्यातून निघणारा रस्ता सेरोटोनिनचा, त्याच्यावर ऑन्डानसेट्रॉन. रक्तातल्या विषाची चाहूल घेणारा मेंदूच्या तळाशी असलेला भाग. तिथे डोपामिन अडवणाऱ्या डोम्पेरिडोन, मेटोक्लोप्रामाइड यांचा अंमल. आणि आतल्या कानातून तोल कळवणारा रस्ता, ज्यावर हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन चालतात. बोट आणि घाट हा या तिसऱ्या रस्त्याचा मामला. तिथे अँटीहिस्टामिन (ॲलर्जीवरच्या) गोळ्यांपैकी जुन्या, झोप आणणाऱ्याच चालतात. सर्दीसाठीच्या झोप न आणणाऱ्या नव्या गोळ्या मेंदूत फारशा शिरतच नाहीत, म्हणून त्याही बाद.

प्रोमेथाझिन थिओक्लेट २५ मिलिग्रॅम, म्हणजे एव्होमाइन. बोटीसाठी ही सगळ्यात खात्रीची. हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन दोन्हींवर काम करते. रात्रभराचा किंवा पहाटेचा प्रवास असेल तर आदल्या रात्री झोपताना एक, छोट्या सफरीसाठी निघण्याच्या एक ते दोन तास आधी एक. पण किंमत मोजावी लागते ती झोपेने. गोळी सकाळी घेतली तर दुपारपर्यंत माणूस जड राहतो, आणि गोव्यातला पर्यटक बोटीवरून उतरतो तो थेट भाड्याच्या स्कूटरवर. ही जोडी आम्हाला अजिबात पसंत नाही. दुसरं, प्रोमेथाझिनने कातडी उन्हाला हळवी होते; ही गोळी घेऊन उघड्या बोटीत चार तास बसायचं तर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी हवीच. तिसरं, दारू. उर्राकाच्या दिवसांत, मार्च ते मे, हे वेगळं सांगावं लागतं: गोळी आणि पेला यातलं एकच. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन अजिबात नाही, श्वास मंदावण्याचा धोका असतो. त्याहून मोठ्यांनाही बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. काचबिंदू आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांनी या गोळीच्या वाटेला जाऊ नये, लघवी अडते.

सिनॅरिझिन २५ मिलिग्रॅम, स्टुजेरॉन. आमची दिवसाच्या बोटीसाठीची पहिली पसंती. झोप येते, पण एव्होमाइनइतकी नाही. तिचा दोष म्हणजे ती सावकाश चढते. निघण्याच्या दोन तास आधी पोटात गेलेली हवी, जेट्टीवर रांगेत उभं राहून घेतली तर उपयोग परतीच्या वाटेवर. मोठा प्रवास असेल तर सहा-आठ तासांनी पुन्हा. बघून घ्यायचं ते मिलिग्रॅम: याच नावाची ७५ मिलिग्रॅमची फोर्ट गोळीही मिळते, ती चक्करेच्या रुग्णांसाठी, सहलीसाठी नाही. आणि वयस्कर माणसांनी ‘चक्करेवर बरी पडते’ म्हणून महिनोन्‌महिने घेत राहू नये. हाताला कंप, चालणं मंद, पार्किन्सनसारखी लक्षणं दिसू शकतात. गोळी बंद केल्यावर सहसा ओसरतात, पण हळूहळू. एका दिवसाच्या सहलीला हा प्रश्न नाही.

डायमेनहायड्रिनेट ५० मिलिग्रॅम. हिची जन्मकथा छान आहे. १९४७ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अंगावर पित्त उठलेल्या एका गरोदर बाईला हे नवं औषध दिलं होतं. तिने येऊन सांगितलं की ट्रॅममध्ये नेहमी होणारी मळमळ झालीच नाही. पुढे सैनिकांनी भरलेल्या बोटीवर तिची रीतसर चाचणी झाली. अर्धा ते एक तासात अंमल सुरू, म्हणून ऐनवेळी आठवण झालेल्यांना सोयीची. पण चार ते सहा तासांत उतरते. अनमोड घाटातून हुबळीच्या बसला एक पुरते. झोप भरपूर. सिनॅरिझिन २० आणि डायमेनहायड्रिनेट ४० अशी जोडगोळीही मिळते. ती मुख्यतः चक्करेसाठी लिहून देतात.

हायोसिनबद्दल सावध राहायला हवं, कारण इथे नावाने घोळ होतो. बोट लागण्यावरचं जुनं, भक्कम औषध म्हणजे हायोसिन हायड्रोब्रोमाइड, म्हणजेच स्कोपोलामिन. परदेशात कानामागे चिकटवायची पट्टी मिळते, तीन दिवस चालते, लावायची निदान चार तास आधी. परदेशी पाहुण्याने दिलीच तर लावल्यावर हात साबणाने धुवा. हाताचं बोट डोळ्याला लागलं तर बाहुली विस्फारते आणि अंधुक दिसतं. आपल्याकडे पोटात कळ आल्यावर घेतात ती बुस्कोपान मात्र हायोसिन ब्युटिलब्रोमाइड. आडनाव बदललं की सगळंच बदलतं: हा रेणू मेंदूत शिरत नाही, आतड्याचा पीळ सोडवतो आणि बोटीवर काहीही करत नाही. ‘हायोसिन द्या’ म्हटल्यावर ही मिळाली तर परत करा.

स्कोपोलामिन धोतऱ्यातही असतं, म्हणून ‘मग आमच्या कुंपणाचा धोतराच काय वाईट’ असं म्हणणारा कुणीतरी निघतोच. वाईट हेच, की पानागणिक, बीगणिक प्रमाण बदलतं आणि औषधाची मात्रा व विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं. आता तो दुसरा गार्सिया. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात धोतऱ्याचं प्रकरण आहे, आणि त्यात धोतरा येतो तो औषध म्हणून नव्हे, नोकरांनी मालकांना खाऊ घालून भ्रमिष्ट करायचं आणि दागिने लांबवायचे यासाठी.

ऑन्डानसेट्रॉनवर अन्याय नको. १९९०च्या सुमारास ती आली आणि केमोथेरपीचं चित्रच बदललं. सिस्प्लॅटिनसारख्या औषधाने आतड्याच्या पेशींतून सेरोटोनिन सुटतं आणि व्हेगस मज्जातंतू पेटतो. पहिल्या २४ तासांतल्या उलट्या ती छान अडवते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची उशिराची मळमळ तिला तितकीशी जुमानत नाही, म्हणून तिच्या जोडीला डेक्सामेथासोन आणि ॲप्रेपिटंट देतात. बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी हे तिचे नेहमीचे सोबती. हृदयाच्या ठोक्यांची क्यूटी नावाची वेळ लांबलेली असेल तर डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. पट्टीवर तांबडी रेघ आहे ती शोभेला नाही. डोम्पेरिडोनलाही हाच हृदयाचा इशारा लागू. मेटोक्लोप्रामाइडने विशेषतः तरुण मुलामुलींत मान वाकडी होऊन डोळे वर खेचले जाण्याचा प्रकार होतो. घरचे फिट आली समजून घाबरतात. बोटीसाठी या तिन्ही कामाच्या नाहीत, आणि तो त्यांचा दोष नव्हे.

गरोदरपणातल्या मळमळीसाठी डॉक्सिलामाइन-पायरिडॉक्सिनची जोडगोळी वेगळी असते, ती बाईंच्या डॉक्टरांनीच ठरवायची. रात्री देतात, कारण कामाला लागायला तिला तास लागतात आणि गरज सकाळी असते. आलं? दिवसाला ग्रॅमभर सुंठीचा गरोदरपणात थोडा फायदा दिसतो, बोटीवर पुरावा डळमळीत. आलेपाकाची वडी चघळायला हरकत नाही, पण गोळीऐवजी नको. मनगटावरचे पट्टे घ्यायचे तर हौस म्हणून घ्या.

आता वेळापत्रक, कारण गोळी बरोबर असूनही ती फसते ती वेळेमुळे. मळमळ सुरू झाली की जठर आपलं काम थांबवतं, पुढे ढकलणं जवळपास बंद. त्यानंतर गिळलेली गोळी तिथेच पडून राहते आणि पहिल्या उलटीसोबत समुद्रात जाते. म्हणून ‘लागली तर घेऊ’ हा हिशेब चुकीचा. ग्रांदे बेटाची बोट सकाळी नऊला सुटणार असेल तर स्टुजेरॉन सातला, घरी किंवा हॉटेलात, हलक्या खाण्यासोबत. सकाळचीच बोट धरा. दुपारी समुद्रावरचं वारं वाढतं आणि पाणी खवळतं. सगळ्यात जास्त लोक आडवे होतात ते बोट चालू असताना नव्हे, तर बेटाजवळ नांगर टाकून गळ टाकायला किंवा पाण्यात उतरायला थांबते तेव्हा. इंजिन बंद, बोट लाटेला आडवी, आणि पाच-सहा सेकंदांना एक असा संथ झोका. माणसाला सगळ्यात जास्त मळमळवणारी लय नेमकी हीच आहे, सेकंदाला साधारण ०.२ आवर्तनं. त्या वेळी मध्यभागी बसा, नजर क्षितिजावर, मोबाइल खिशात. स्कूबा करणार असाल तर झोप आणणारी कुठलीही गोळी घेतल्याचं प्रशिक्षकाला सांगा. पाण्याखाली गुंगी परवडत नाही, आणि गोळी पहिल्यांदाच घेणार असाल तर आधी एकदा जमिनीवर घेऊन बघा.

मांडवीतल्या सांजेच्या क्रूझला किंवा रायबंदर-चोडणच्या फेरीबोटीला गोळी नको. नदी आहे ती.

घाटात चालकाने गोळी घ्यायची नाही, कुठलीच. त्याला सहसा गरजही पडत नाही, कारण वळण कधी येणार ते त्याच्या हाताला आधी कळतं. मागच्या सीटवर पुस्तक वाचणाऱ्या मुलाला ते कळत नाही. चोर्ल्याला, करमलला, आंबोलीला हाच नियम: लागणाऱ्याला पुढे बसवा, काच खाली करा, आणि घाटाचा पायथा (चोर्ल्याला केरी) सोडायच्या आत गोळीचा तास भरलेला असू द्या.

राहिला तिसरा प्रश्न, पदार्थ मनातून उतरण्याचा. गोळी इथे पुरी पडत नाही, ताट पुरं पडतं. ओळखीच्या चवीवर आळ सहज चिकटत नाही, नव्या आणि ठसठशीत चवीवर लगेच चिकटतो. म्हणून बोटीच्या सकाळी पहिल्यांदाच शाकुती खाऊन बघायची नाही. गोव्यात वाढलेल्याने पोई आणि केळं खावं. बाहेरून आलेल्याने त्याच्या घरी रोज जे होतं ते, पोहे असोत नाहीतर ब्रेड-बटर. उपाशी जाणं शहाणपणाचं नाही, तेलकट भज्यांनी भरून जाणंही नाही. गोव्याची पहिली सोलकढी, पहिलं हुमण, पहिला उर्राक, हे सगळं उतरल्यावर, दुसऱ्या दिवशी. नाहीतर दोष लाटेचा आणि शिक्षा कोकमाला, आणि ती शिक्षा वर्षानुवर्षं टिकते. ‘अहो, कोकमाचा काही संबंध नव्हता’ असं समजावून ती जात नाही. कारण कळलं तरी जीभ ऐकत नाही, हेच या नावडीचं वैशिष्ट्य.

केमोथेरपीच्या घरांसाठी हीच गोष्ट जास्त मोलाची. १९७८ साली इलीन बर्नस्टाइन यांनी केमोआधी नव्या चवीचं आइस्क्रीम खाल्लेल्या मुलांना पुढे ते नकोसं होतं हे दाखवलं. नंतर त्यांच्याच गटाने युक्ती उलटी वापरली: जेवण आणि औषध यांच्यामध्ये मुलांना एक अनोळखी, तीव्र चवीची गोड गोळी चघळायला दिली. आळ त्या गोळीवर गेला आणि जेवणातले पदार्थ बऱ्याच प्रमाणात वाचले. बळीचा बकराच म्हणा. बांबोळीला किंवा कुठेही केमोला नेताना माणसाच्या जिवाभावाचा पदार्थ, शेवटो मासा किंवा आईच्या हातचं काहीतरी, ‘तेवढंच दोन घास खाईल’ म्हणून त्याच सकाळी देऊ नका. तो पदार्थ मधल्या चांगल्या दिवसांसाठी राखून ठेवा. त्या सकाळी साधी, रोजची पेज. आणि चघळायला चालत असेल, तोंडात फोड नसतील, तर घरात कधीच न आणलेल्या चवीची एखादी गोळी. दर वेळी तीच. आणि वॉर्डच्या दारातच मळमळायला लागतं, औषध टोचायच्या आधीच, अशी अवस्था आली असेल तर ऑन्डानसेट्रॉनचा डोस वाढवून ती जात नाही. शिकलेली मळमळ आहे ती. लोराझेपामसारखं औषध आणि मन शांत करायच्या सरावाचा उपयोग होतो, तेव्हा लाजू नका, ‘इथे यायच्या विचारानेच ओकारी येते’ असं याच शब्दांत ऑन्कॉलॉजिस्टना सांगा.

गुण द्यायचेच तर पाचापैकी: दिवसाच्या बोटीला सिनॅरिझिन चार, रात्रीच्या बसला एव्होमाइन चार, ऐनवेळच्या घाटाला डायमेनहायड्रिनेट साडेतीन. बोटीसाठी घेतलेली ऑन्डानसेट्रॉन अर्धा, तोही पाकीट सुंदर असतं म्हणून. आणि काउंटरवर म्हणायचं ते असं: ‘बोट लागते, सिनॅरिझिन पंचवीसची द्या.’ वय, गरोदरपण, काचबिंदू, हृदयाची गोळी चालू असेल तर तेही त्याच दमात सांगा. मागे रांग असली तरी.